ग्लायडर क्लबात आखीव प्रशिक्षण आणावं का?

नवशिका_श्टुटगार्ट

पुढच्या महिन्यात आमच्या क्लबाची वार्षिक सभा आहे. आम्ही तिघा शिकाऊंनी तिच्यासमोर एक प्रस्ताव ठेवलाय. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवणारी मराठी मंडळी जर्मनीत, इंग्लंडात, पुण्यात आहेत, म्हणून आधी तुम्हाला विचारतो. पटलं नाही तर स्पष्ट सांगा.

आत्ताची रीत अशी. शनिवारी सकाळी नऊला मैदानावर यायचं, यादीत नाव लिहायचं. दिवसभर ग्लायडर ढकलायची, पंख धरून पळायचं, विंचचा, म्हणजे ग्लायडर वर खेचणाऱ्या यंत्राचा, दोर परत ओढून आणायचा. संध्याकाळपर्यंत तीन उड्डाणं मिळतात. विंच साडेतीनशे-चारशे मीटरवर नेऊन सोडते आणि थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, नसेल तर पाच-सहा मिनिटांत आपण खाली. पहिल्या हंगामात माझी ३८ उड्डाणं झाली, सगळी मिळून साडेतीन तास. लायसनसाठी युरोपच्या नियमात किमान १५ तासांचं शिक्षण आणि ४५ उड्डाणं लागतात.

वेळ लागतो याबद्दल तक्रार नाही. पण मागच्या सीटवर दर शनिवारी वेगळा शिक्षक असतो आणि आधी माझं काय झालंय हे त्याला माहीत नसतं. एकाने शिकवलं, उतरताना लाल छपराच्या गोठ्यावर आलास की शेवटचं वळण घे. दुसरा म्हणाला, गोठा विसर, धावपट्टीकडे बघण्याचा कोन धर. दुसराच बरोबर होता. समोरून जोराचा वारा असला तर गोठ्यापर्यंत गेलेला माणूस धावपट्टीच्या अलीकडेच उतरतो. हे मला ऑगस्टमध्ये कळलं, शिकायला लागलो होतो एप्रिलमध्ये.

म्हणून मागणी अशी: प्रत्येक शिकाऊचं एक कार्ड असावं, त्यावर झालेल्या प्रत्येक धड्यापुढे शिक्षकाची सही. प्रत्येकाला दोनच ठरलेले शिक्षक. ईस्टरच्या सुट्टीत सलग नऊ दिवस उड्डाण. आणि उड्डाणाची वेळ आधी ठरवून घेण्याची सोय.

मागच्या_सीटवरून

मी बावीस वर्षं ग्लायडिंगमध्ये आहे, त्यातली चौदा शिक्षक म्हणून. तुमच्या क्लबातला नाही. तळमळ कळते, पण शेवटच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

आम्हाला पगार नाही. विंच चालवणारा, दोर आणणारा, पंख धरणारा, खुणा देणारा, उड्डाणांची नोंद ठेवणारा, सगळे सभासदच. एक ग्लायडर वर जायला जमिनीवर पाच माणसं लागतात. तुम्ही अकराची वेळ घेऊन पावणेअकराला आलात आणि बाराला घरी गेलात, तर साडेअकराच्या मुलाचा दोर कोण आणणार? वेळ विकत घेतली की सभासदाचं गिऱ्हाईक होतं. आमच्याकडे पहिलं एकट्याचं उड्डाण झालं की हातात काटेरी गवताचा गुच्छ देतात आणि सगळा क्लब रांगेत उभा राहून बुडावर एकेक चापट मारतो, थर्मल तिथे कळावी म्हणून. गिऱ्हाइकासाठी असं कोण रांगेत उभं राहील?

शिवाय मैदानावर उभं राहणं हेही शिक्षणच आहे. दिवसभरात चाळीस उतरणी बघितल्या की कोण उंच येतोय, कोण वेग घालवतोय हे डोळ्याला कळू लागतं.

नवशिका_श्टुटगार्ट

दादा, वेळेची मागणी मी मागे घेतो. दोर कोण आणणार याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण कार्डाचं का अडलंय ते सांगतो. सप्टेंबरमध्ये सुमारे दीडशे मीटरवर आमचा दोर तुटला, खराखुरा. नाक पंचेचाळीस अंशांत वर होतं. मागून आवाज आला, "नाक खाली!" आणि तोवर शिक्षकाने दांडा स्वतःच पुढे ढकलला होता. माझा हात हललाच नव्हता. नाक खाली, वेग येऊ द्यायचा, मगच सरळ उतरायचं की वळायचं ते ठरवायचं, हे मला तोंडपाठ होतं. पण अख्ख्या हंगामात त्याचा सराव झाला होता दोनदा, दोन्ही वेळा एप्रिलमध्ये. प्रत्येक शिक्षकाला वाटलं, दुसऱ्याने करून घेतलं असेल. यात कुणाचाच हलगर्जीपणा नव्हता. बघायला कागदच नव्हता.

विंचवाली_केंब्रिज

इंग्लंडात ही कार्डं नवी नाहीत. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनचं प्रगतिपत्रक असतं, धडा झाला की सही होते. लॅशमसारख्या मोठ्या क्लबात आठवड्याचे कोर्सही चालतात. तरी सावध करते: सही झाली की शिकाऊ तो धडा संपला असं धरतो. दोर तुटण्याच्या सरावाची सही मे महिन्यातली असेल तर ऑक्टोबरात तिचा काय उपयोग? अशा धड्यांपुढे तारखांसाठी पाच-सहा रकाने ठेवा.

लेकीची_आई

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. चौदाव्या वर्षापासून एकट्याने उडायला परवानगी असते, त्यामुळे तिचं एकटीचं उड्डाण जवळ आलंय. मला ईस्टरच्या नऊ दिवसांची भीती वाटते. सलग रजा कुणाला मिळते? चांगल्या नोकरीवाल्याला. माझी शिफ्टची नोकरी आहे, मैदान गावाबाहेर चौदा किलोमीटरवर, रविवारी बस नाही. ते नऊ दिवस ज्यांना जमले ते पुढे जातील आणि मेमध्ये शनिवारची यादी त्यांच्या सोयीने लागेल. माझी पोर आजही पहाटे सायकलने जाऊन हँगरचं दार उघडते. यादीत तिचं नाव पहिलं असतं, कारण ती पहिली येते. हा न्याय मोडू नका.

हडपसरची_मुलगी

मी लहान होते तेव्हा पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग सेंटर होतं. सरकारी केंद्र होतं, सभासदांचा क्लब नव्हे. त्यामुळे दोर कोण आणणार हा प्रश्न तिथे शिकाऊला पडत नसे. मी तिथे एकदाच बसले. विंचने वर खेचलं तेव्हा पोटात गोळा आला आणि दोर सुटल्यावर एकदम शांत झालं. ती शांतता अजून आठवते. आता म्युनिकजवळ शिकते.

ताईंचं म्हणणं खरं आहे, पण सलग उडण्याने फरक पडतो तोही खरा. दोन आठवड्यांच्या खंडानंतर माझं पहिलं उड्डाण जुनं आठवण्यातच जातं. वळताना पाय कमी पडतो, कॅनॉपीवरचा, म्हणजे समोरच्या काचेवरचा, लोकरीचा धागा बाजूला जातो, ग्लायडर तिरकं घसरतंय हे दाखवत. सुट्टीत सलग चार दिवस उडले, तर तिसऱ्या दिवशी धाग्याकडे बघावंच लागलं नाही.

नवशिका_श्टुटगार्ट

ताई, नऊ दिवसांऐवजी दोन लांब वीकेंड ठेवले, शुक्रवार ते सोमवार, तर जमेल का? मैदानापर्यंत गाडीने नेण्याची जबाबदारी आम्ही मोठे शिकाऊ घेऊ. शनिवारची यादी आहे तशीच राहील, पहिला येईल त्याचं नाव पहिलं.

आणि दादा, पायऱ्या पाडून शिकवणं ही ग्लायडिंगची जुनीच रीत आहे. १९२० साली वासरकुप्पेच्या डोंगरावर पहिली स्पर्धा झाली, त्यानंतरच्या काळात दोन सीटची ग्लायडर फारशी नव्हतीच. शिकाऊ पहिल्यापासून एकटा बसायचा. म्हणूनच ए, बी, सी अशा परीक्षा आल्या. आम्ही त्याच पायऱ्यांमधल्या जागा भरायला सांगतोय.

मागच्या_सीटवरून

दोर तुटल्याचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या काढून बसलो. दोघांचा शेवटचा सराव कधी झाला ते मलाही सांगता आलं नाही. कार्ड हवं, रकाने विंचवालीने सांगितले तसेच हवेत.

दोनच शिक्षकांच्या जोडीला मात्र अजून नाही म्हणतो. एकाच मुलासोबत वर्षभर बसलं की त्याची चूक आपल्या अंगवळणी पडते. माझा एक विद्यार्थी उतरताना नेहमी किंचित डावीकडे झुकायचा. मला ते दिसेनासं झालं होतं, दुसऱ्या शिक्षकाने पहिल्याच फेरीत पकडलं. जोडी ठेवायचीच असेल तर दर दहा उड्डाणांनी एक परका शिक्षक बसवा आणि कार्डावर त्याच्यासाठी वेगळी जागा ठेवा. कच्चा मसुदा पाठव, आमच्या शिक्षकांच्या बैठकीत मीच वाचून दाखवतो.

लेकीची_आई

लांब वीकेंडचा शुक्रवार शाळेचा असतो. शनिवार ते सोमवार ठेवा, सोमवारी सुट्टी असेल तेव्हा. मग ती येईल, आणि दार तीच उघडेल.