चाळीस छिद्रांच्या जुन्या गिअर-हबाला छत्तिसाची रीम लावावी का?

काळी_कपाशी (आर्वी तालुका)

जुन्या रॅले सायकलचं मागचं चाक नव्यानं बांधायचं असेल, तर रीम 28 × 1½ इंची, लोखंडी आणि तारांसाठी 40 छिद्रं असलेलीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ली हौशी मंडळी त्यातला स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हब (चाकाचा मधला, गिअर असलेला भाग) काढतात आणि नागपूरहून आणलेल्या 36 छिद्रांच्या, 700सी मापाच्या अ‍ॅल्युमिनियम रीममध्ये बसवतात. मला हे अजिबात पटत नाही.

एडब्ल्यू हा 1936 पासूनचा, नॉटिंगहॅमचा तीन गिअरचा हब. मधला गिअर सरळ, खालचा पाऊणपट, वरचा एक तृतीयांशानं जड. त्या काळच्या इंग्लिश सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असत, कारण भार मागे पडतो. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी तोच हिशेब उचलला. त्यामुळे या हबाला जुळणारी रीम आमच्या तालुक्याच्या दुकानात आजही टांगलेली दिसते. इतकी सोय हाताशी असताना जुळवाजुळव कशासाठी?

दुसरं कारण ब्रेकचं. रॉड (दांडीच्या) ब्रेकचे रबर रीमच्या आतल्या, हबाकडच्या अंगाला टेकतात. त्यासाठी वेस्टवूड घडणीचीच, म्हणजे आतली बाजू रबर टेकण्याजोगी असलेली रीम लागते. 28 × 1½ च्या रीमवर टायर बसतो तो व्यास 635 मिमी, 700सीचा 622. म्हणजे रीम चहूबाजूंनी साडेसहा मिमी आत येते, आणि तिची आतली बाजू ब्रेकसाठी घडवलेलीच नसते. चाक फिरेल, पण थांबवणार कशानं?

चढण_उतार (परतवाडा)

थांबवण्याचाच मुद्दा असेल तर तुमची बाजू लंगडी आहे. श्रावणात चिखलदऱ्याचा घाट उतरून बघा. ओल्या लोखंडी रीमवर ब्रेक दाबला तरी सायकल पुढेच जात राहते. ओल्यात अ‍ॅल्युमिनियम त्यापेक्षा कितीतरी चांगलं धरतं.

मी रॉड ब्रेक काढून लांब हातांचे कॅलिपर (रीमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक) लावले आणि 36 छिद्रांची डबल-वॉल, म्हणजे दुपदरी रीम घेतली. हबाच्या दर बाजूला 20 छिद्रं असतात, त्यांतली समोरासमोरची दोन रिकामी सोडली. मागची चकती 18 ऐवजी 22 दात्यांची केली आणि साखळीला कड्या वाढवल्या. 48 च्या पुढच्या चकतीवर खालचा गिअर आता पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे जेमतेम 1.6 फेरे देतो. आजोबांची सायकल कोठ्यात टांगून ठेवण्यापेक्षा ती घाट चढते, यात मला जास्त मान वाटतो.

तारवाला (पुसद)

भाऊ, चाक चालते, नाई म्हनत नाई. पन हबाची छिद्रं 18 अंशावर हायेत अन् छत्तिसाच्या रीमची 20 वर. रिकाम्या छिद्राजवळच्या तारा तिरप्या जातात, तीन-चार मिमीचा फरक पडते. समद्या एकाच मापाच्या भरल्या, तर काई ठिकानी निपलात (तारेच्या टोकाच्या नटात) आटेच कमी धरतात. मंग चाकाचा आऊट, म्हंजे लटपट, काढत बसा. खेड्यातल्या दुकानात एक माप भेटते, थे बी नशिबानं.

आनखी एक. छत्तिसापेक्षा बत्तिसाची रीम या हबाले सोपी बसते. हरेक पाचवं छिद्र सोडा, चार सारखे भाग पडतात. पन ज्याले मांगं सोयाबीनचं पोतं आनायचं हाय, त्यानं बत्तीस तारांच्या भरवशावर राहू नये. त्याले चाळीसच पाह्यजेत.

शाळेची_वाट (चिमूर)

तुम्ही तिघेही हबाचं कवच कायमचं धरून चालला आहात. एडब्ल्यूचं आतलं यंत्र सहसा दुसऱ्या एडब्ल्यूच्या कवचात बसतं, आणि 36 छिद्रांची कवचंही निघाली आहेत. एक मिळवा, आतला सगळा संच त्यात घाला, मग 36 ची रीम सरळ नियमानं बांधा. तारा एका मापाच्या आणि ताण सारखा. जुनं कवच कापडात गुंडाळून ठेवा, कधीही परत बसवता येईल. सायकल रोज चालवायची असते हो. मी तर तिच्यावरच शाळेत जाते.

काळी_कपाशी

ताई, उपाय चोख आहे, जोडाजोडीपेक्षा कितीतरी सरस. पण ते कवच आणायचं कुठून? बाहेरून मागवायचं तर खर्च सायकलीच्या किमतीवर जाईल. शिवाय साल-महिन्याचा शिक्का त्या जुन्या कवचावरच असतो. तो हब कधी बनला याची तेवढीच नोंद आपल्या हाती आहे, आणि मला ती फिरत्या चाकात हवी आहे.

परतवाड्याच्या भाऊंचा पावसाचा मुद्दा मी खोडत नाही. ओलं लोखंड वाईटच. पण आमच्याकडे रस्ता सपाट, सायकल शेतावर जाते आणि टायर बदलायचा तो आठवडी बाजारात. तिथे 28 × 1½ हमखास मिळतो, 700सी मागितला तर दुकानदार जिल्ह्याला पाठवतो. घाटासाठी जुनेपणाही राखायचा असेल, तर स्टर्मीचाच एबी शोधा. त्यात तीन गिअर आणि ड्रम ब्रेक (हबाच्या आतला ब्रेक) एकत्र असतात. रीम ओली असो की कोरडी, ड्रमला फरक पडत नाही.

चढण_उतार

एबी मिळाला तर उद्या लावीन. मिळेपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच. सपाटीवरही समोर बैल आडवा आला की ब्रेक लागतोच, भाऊ.

तारवाला

कोनतीबी रीम घ्या, तारा मागवायच्या आंधी माप घ्या. दोन जुन्या तारांले निपल लावा, रीमच्या समोरासमोरच्या छिद्रात घाला, मधात ओढून अंतर मोजा. दोन-तीन जागी मोजा, कारन आपल्या लोखंडी रीमा नेमक्या गोल नसतात. जुन्या हबाची कडा पातळ असते, आजच्या तारेचं वाकन तिच्यात ढिलं बसते अन् तार मानेतून तुटते. म्हनून तारेच्या डोक्याखाली पितळी वायसर घाला. अन् हबात ग्रीस कोंबू नका, आतले पॉल (गिअरचे खटके) चिकटतात. कवचावर तेलाचं टोपन हाय, त्यातून पातळ तेल सोडा. मंग दोन नंबर अन् तीन नंबरच्या गिअरमधात पायडल रिकामं फिरते का पाहा. फिरलं तर गिअरची केबल नीट लावा, तिथं रीमचा काई दोष नाई.