मदत हवी आहे: डक्टचा थर्माकोल रेझिन लावताच बसून जातो

वऱ्हाडी_पंख: राम राम मंडळी. घरी दोन सीटचं विमान बांधतोय, त्याचा एअर डक्ट, म्हणजे हवा न्यायची नळी, अडलाय. थर्माकोल कापून आकार दिला, घासून गुळगुळीत केला, वर ग्लास क्लॉथ टाकून रेझिन लावलं. दहा मिनिटांत आतला थर्माकोल बसला आणि कापड ओल्या पापडासारखं लोळलं. दुसऱ्यांदाही तेच. आर्वीहून दरवेळी सामानाला नागपूर गाठावं लागते. काय चुकतंय, लवकर सांगा.

हिंगण्याचा_मिस्त्री: कोणतं रेझिन? डक्ट कशाचा, केबिनचा, कार्ब्युरेटरचा की ऑइल कूलरचा? इंजिन कोणतं? काहीच लिहिलं नाही राजे हो.

वऱ्हाडी_पंख: रेझिन नेहमीचंच, फायबरच्या दुकानातलं.

फायबरकाका: म्हणजे पॉलिएस्टर. त्यात स्टायरीन असते, थर्माकोल त्यात विरघळणारच. पीओपीचा साचा करा, मेण लावा, मॅट (काचतंतूंची न विणलेली चटई) टाका, झालं. मी वीस वर्षं दरवाजे अन् टाक्या असेच काढतो.

हिंगण्याचा_मिस्त्री: काका, वाकड्या नळीतून पीओपी काढायचं कसं? फोडता फोडता डक्टच तडकेल. थर्माकोलच ठेवा, रेझिन बदला. इपॉक्सीने थर्माकोल विरघळत नाही. त्यावर खाकी पॅकिंग टेप सुरकुती न पाडता गुंडाळा, इपॉक्सी टेपला धरत नाही. पक्कं झालं की आत ॲसिटोन ओता, थर्माकोलचा लगदा होतो, मग टेप ओढून काढा. मॅट नकोच. तिचा डिंक स्टायरीनमध्ये सुटतो, इपॉक्सीत नाही, म्हणून वळणावर ताठ उभी राहते. विणलेलं कापड ४५ अंशांत तिरपं कापा.

फायबरकाका: मॅट ताठ राहते म्हणे! माझ्या टाक्या येऊन पाहा.

हिंगण्याचा_मिस्त्री: टाक्या पॉलिएस्टरच्या आहेत काका. मी इपॉक्सीचं बोलतोय.

गारवा_यवतमाळ: डक्टच पाहिजे तर जीआय पत्र्याचा करा ना जी. आमच्या कूलरला केला, तीन खोल्यांत हवा जाते.

आकाशवेडा: नोंदणीचं काय? कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना ती २०१७ मध्ये मिळाली, तोवर किती वर्षं झगडावं लागलं त्यांना. डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाचे, कागद आधी पाहा.

वऱ्हाडी_पंख: कागदांचं वेगळं विचारीन. इंजिन रोटॅक्स ९१२. काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) तोंडापासून ऑइल कूलरपर्यंत डक्ट न्यायचा आहे. तोंड ७५ मिमी गोल, कूलरकडे २०० × १०० चौकोन, लांबी जेमतेम ३४० मिमी.

निवृत्त_तंत्रज्ञ: हे आधी सांगायला हवं होतं. भिंत एका बाजूला साधारण ७ अंशांपेक्षा जास्त उघडली की हवा तिला सोडते, कूलरच्या कडांना पोचतच नाही. तुमची रुंदी १० अंशांच्या वर उघडतेय. तोंड मोठं करा, नाहीतर आत दोन उभ्या पातळ पाट्या बसवा. दोन्ही टोकं कडक जोडू नका. इंजिन थरथरते, एका टोकाला सिलिकॉन रबराची पट्टी हवीच, नाहीतर डक्ट तडकेल. आणि इंजिन बंद केल्यावर काउलिंगमध्ये उष्णता कोंडते. नुसत्या खोलीत वाळवलेली बरीच इपॉक्सी ६०-७० अंशांत मऊ पडतात. पुरवठादाराच्या कागदावरचं पोस्ट-क्युअर (वाळल्यावर तापवून पक्कं करणं) पाहून बल्बच्या पेटीत हळूहळू तापवा.

वऱ्हाडी_पंख: इपॉक्सी आणलं. दुपारी २०० ग्रॅम एकदम कालवलं तर मगातून धूर निघाला, मग हातात धरवेना.

हिंगण्याचा_मिस्त्री: मे महिन्याच्या दुपारी काहून कालवता भाऊ! गोळा जेवढा मोठा तेवढा तापतो. पन्नास ग्रॅम घ्या, पसरट ताटलीत ओता, पहाटे काम करा. हातमोजे घाला. हार्डनरची (इपॉक्सी घट्ट करायला मिसळतात त्याची) ॲलर्जी एकदा लागली की सुटत नाही.

वऱ्हाडी_पंख: आज पहाटे चारला बसलो. दोन थर नीट बसले, थर्माकोल जागचा हलला नाही! फक्त वळणाच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढा बुडबुडा राहिलाय. सुईने टोचून भरू की कापू?

फायबरकाका: टोचून भरा, काही होत नाही.

हिंगण्याचा_मिस्त्री: कापा. भोवती दोन बोटं घासा, मग ठिगळ लावा. फोटो टाका आधी.