मेणबत्ती आणि ग्लासमधलं पाणी
ताटलीत पाणी, मधे पेटलेली मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा ग्लास ठेवला की ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं, हा प्रयोग मस्तच आहे, पण 'ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढतं' असं मुलांना सांगू नका प्लीज. ऑक्सिजन वापरला जातो तसा कार्बन डायऑक्साइड तयारही होतो की! मुख्य खेळ तापमानाचा, ज्योतीने हवा तापून पसरते, थोडी बुडबुड्यांतून बाहेर जाते आणि ज्योत विझली की उरलेली गार होऊन आकसते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणूनच ज्योत विझल्यावर पाणी सर्रकन चढतं. पटत नसेल तर ग्लास तोच ठेवून ३ मेणबत्त्या लावा, ऑक्सिजन तेवढाच तरी पाणी जास्त वर जातं. आणि मोठं माणूस शेजारी हवंच हां.