एक्स्टिंग्विशरचा काटा लाल पट्ट्यात गेलाय. नुसता गॅस भरून चालेल का?

नमस्कार मंडळी,

इमारतीच्या समितीत मी नवीन, म्हणून आग विझवायचे सिलिंडर माझ्या गळ्यात पडलेत. एकूण ७, सगळे ६ किलोचे एबीसी (बऱ्याच प्रकारच्या आगींवर चालणाऱ्या) पावडरवाले. परवा एकेक भिंतीवरून उतरवून पाहिला. सहांचे काटे हिरव्यात, तिसऱ्या मजल्यावरच्याचा पार लाल पट्ट्यात. पिन जागेवर, पण सील तुटलेलं. नळीच्या तोंडात बोट फिरवलं तर पिवळसर पावडर लागली. चौकशी केल्यावर शेजारचे काका म्हणाले, "मुलांना दाखवायला सेकंदभर फुस्स केलं होतं. तेव्हा काटा हिरव्यातच होता की!" त्याला दीड महिना झाला.

प्रश्न असे:
यात फक्त गॅस भरायचा की पावडरही बदलायची? मीटरच्या पॅनेलजवळ आणि लिफ्टच्या मशीन रूममध्येही पावडरच ठेवावी का? आणि देखभालीला येणारा माणूस सिलिंडर न उतरवताच तारखेचं नवं स्टिकर चिकटवून जातो, त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं?

प्रतिसाद १
काकांचं ते फुस्सच नडलंय. एकदा दाबलं की पावडरचे कण व्हॉल्व्हच्या सीटवर अडकतात, मग तो घट्ट बसत नाही आणि दाब हळूहळू निसटतो. त्या दिवशी काटा हिरव्यात दिसणारच. म्हणून थोडा वापरला तरी सिलिंडर रिफिलिंगला जायलाच हवा. नुसता गॅस भरला तर महिन्याभरात पुन्हा तेच. व्हॉल्व्ह खोलून साफ करायला सांगा, ओ-रिंग (आतलं गोल रबरी सील) बदलून घ्या, पावडर गुठळ्या झालेली किंवा ओलसर असेल तर तीही नवी.

प्रतिसाद २
पॅनेल आणि मशीन रूमसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवाला) घ्या. पावडरने विजेची आग विझते, पण मागे राहिलेली पावडर ओल धरते आणि सर्किट खाऊन टाकते. सीओटू मागे काही ठेवत नाही. मात्र तो गार करत नाही, त्यामुळे आग पुन्हा पेटू शकते. वीज आधी तोडा. खोली लहान असेल तर फवारून लगेच बाहेर या, श्वास कोंडतो. साधा हॉर्न (गॅस बाहेर पडतो ते भोंग्यासारखं तोंड) हातात धरू नका, बोटं गारठून भाजल्यासारखी होतात. २ किलोचा सिलिंडर ८-१० सेकंदांत संपतो, म्हणजे तुम्हाला एकच संधी.

जिन्यात आणि मजल्यांवर एबीसीच बरा. स्वयंपाकघरातल्या पेटलेल्या तेलावर मात्र पावडरचा भरवसा नाही, तेल गरमच राहतं आणि परत भडकतं. तिथे वेट केमिकल लागतं, ते तेलावर साबणासारखा थर धरतं. पाणी तर चुकूनही नको.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. सीओटूला काटाच नसतो म्हणे? मग भरलेला आहे हे कळायचं कसं?

प्रतिसाद २
वजन करून. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या अंगावर ठोकलेलं असतं. एकूण वजनातून ते वजा करा. आतला गॅस दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरून घ्या.

प्रतिसाद ३
तुमच्या हिरव्या काट्यांवरही फार विसंबू नका. काटा फक्त दाब सांगतो, पावडर दगड झाली आहे की नाही ते नाही. काटा, सील, पिन, नळीला तडे, बुडाला गंज हे महिन्यातून एकदा तुम्हीच बघा. वर्षातून एकदा त्या माणसाला सिलिंडर तुमच्यासमोर उतरवून तपासायला लावा, स्टिकर त्यानंतर. आणि सिलिंडरच्या टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी विसरू नका. तिची मुदत देशागणिक बदलते. अमेरिकेच्या एनएफपीए १० या एक्स्टिंग्विशरच्या नियमावलीप्रमाणे सीओटूला ५ वर्षं आणि काटा असलेल्या पावडरवाल्याला १२. तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

आणखी एक. रिफिलिंगला जायची वेळ आली की सिलिंडर भरलेलाच पाठवू नका. आधी मोकळ्या जागेत, वारा पाठीशी घेऊन, रहिवाशांना चालवू द्या. पिन ओढायची आणि ज्वाळांवर न मारता आगीच्या बुडाशी डावीकडून उजवीकडे फिरवायचं, हे एकदा हाताने केलं की डोक्यात बसतं.

प्रश्नकर्ता
हे बेस्ट! तिसऱ्या मजल्याचा आज रिफिलिंगला दिला. बाकीच्यांतल्या दोघांची मुदत पुढच्या महिन्यात आहे, ते अंगणात रिकामे करू. काकांनी पहिला नंबर लावूनही टाकलाय.