'एक होता विदूषक' विसरलो आणि 'नटसम्राट' डोक्यावर घेतला, मला हे पटत नाही

पिटातला

कलावंताच्या पडझडीवरचे दोन मराठी सिनेमे माझ्या मनात कायम शेजारी शेजारी बसलेले असतात. एक डॉ. जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक' (१९९२) आणि दुसरा महेश मांजरेकरांचा 'नटसम्राट' (२०१६). पहिला आला तसा गेला. दुसऱ्यावरून लोकांनी जीव ओवाळून टाकला. माझ्या मते हे नेमकं उलटं व्हायला हवं होतं. बरेच दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकतो.

'विदूषक' मी शाळकरी वयात मामासोबत थेटरात पाहिला. 'धूमधडाका', 'अशी ही बनवाबनवी' यांची पारायणं झालेली, त्यामुळे लक्ष्या म्हणजे हसायचं एवढंच आम्हाला ठाऊक. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आला आणि शिट्ट्या सुरू झाल्या. पहिला अर्धा तास लोक प्रत्येक वाक्याला हसले, जिथे हसण्यासारखं काही नव्हतं तिथेही. मग हळूहळू खुर्च्या करकरायला लागल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अय लक्ष्या, हसव की!" मध्यंतरानंतर आमच्या रांगेत आम्ही दोघंच उरलो होतो. मामाही चुळबुळत होता, पण माझ्यामुळे थांबला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आबुराव हा तमाशातल्या बाईचा मुलगा. फडावर सोंगाड्या म्हणून उभा राहतो, पुढे सिनेमाचा स्टार होतो, मित्राच्या नादानं राजकारणात ओढला जातो. आणि या अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाची स्वतःची मुलगी हसत नाही. पटकथा पु. ल. देशपांड्यांची, गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी आज दहा जणांना विचारा, आठ जणांनी पाहिलेला नसतो.

त्या मुलीसमोर बेर्डे जे करतो ते मी अजून विसरलेलो नाही. सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेली त्याची हत्यारं, तो आवाज, ते डोळे, ते अंग मोडणं, सगळं तो तिच्यासमोर एकेक करून काढतो आणि एकेक हत्यार फुकट जातं. स्वतःच्या प्रतिमेवरच नट इतका उघडा पडलेला मी मराठीत दुसरीकडे पाहिला नाही.

आता 'नटसम्राट'. कुसुमाग्रजांचं नाटक १९७० चं, त्यातले म्हातारे नट अप्पासाहेब बेलवलकर पहिल्यांदा केले डॉ. श्रीराम लागूंनी. मी लागूंचं काम प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, तेवढं माझं वय नाही. दुसऱ्या संचातला प्रयोग पाहिला आणि नाटक वाचून वाचून पुस्तकाची पानं सुटली. नाटकात अप्पासाहेब स्वतःच्या गर्वानंही कोसळतात. घरदार वाटून टाकतात तेही नटाच्या ऐटीत, टाळ्या घेतल्यासारखे. सिनेमात ती धार बोथट झाली. अप्पा भरून येण्याआधी पार्श्वसंगीत भरून येतं. कॅमेरा इतका तोंडाशी जातो की माणूस दिसायचा राहतो, अभिनय तेवढा दिसतो. घर मागणारं स्वगत येणार हे पाच मिनिटं आधी कळतं आणि सगळं थेटर रुमाल काढून तयार बसतं. नाना पाटेकर मोठा नट आहे, त्याबद्दल वाद नाही. सिनेमानं मात्र मला निराश केलं.

---

तिसरी घंटा

पहिल्या भागाशी सहमत, दुसऱ्याशी अजिबात नाही.

तुम्ही नाटक पाठ असलेल्या माणसाच्या नजरेनं सिनेमा पाहिलात. माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. आयुष्यात त्यांनी एक नाटक पाहिलं, तेही गावच्या गणपतीतलं. बेलवलकर, कावेरी ही नावं त्यांना २०१६ च्या जानेवारीत पहिल्यांदा कळली. सिनेमा संपल्यावर थेटराच्या पायऱ्यांवर ते बसून राहिले. मला वाटलं गुडघे दुखतायत. म्हणाले, "घराचा कागद कुठंय आपल्या?" घरी पोचेपर्यंत दुसरा विषय नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून कागद काढून वाचत बसले.

हा माणूस रुमाल काढून तयार बसला नव्हता. त्याला पुढे काय येणार ते माहीतच नव्हतं. तुम्हाला आधी कळलं, कारण तुम्ही वाचून गेला होतात. त्याचा दोष सिनेमाला का?

आणि गर्वाचं म्हणाल तर अप्पा सिनेमात दारू पितो, शिव्या हासडतो, समोरच्याला तोडून बोलतो. तो कुठे देवमाणूस दाखवलाय? बाबांनीच मला सांगितलं, "चूक त्याचीबी हाय, पण म्हणून रस्त्यावर?"

रामभाऊंबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. विक्रम गोखल्यांचं ते पात्र सिनेमासाठी वाढवलेलं आहे. रंगमंचावर अप्पा एकटा बोलला तरी चालतं, समोर प्रेक्षक असतात. पडद्यावर माणूस एकटाच बोलत सुटला की खोटं वाटतं. त्याला समोर कुणीतरी लागतं, तेही त्याच्याच तोलाचं. दोन म्हातारे नट इस्पितळात समोरासमोर येतात ते दृश्य नाटकात नाही आणि मला ते नाटकातल्या अर्ध्याअधिक दृश्यांपेक्षा जवळचं वाटतं.

---

पिटातला

तुमच्या बाबांचा प्रसंग वाचून गप्प झालो. ते खरं आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

रामभाऊंचं दृश्य मलाही आवडतं. किंबहुना सिनेमात मला तेवढंच आवडतं. गोखले तिथे आवाज खाली ठेवतात, म्हणून. माझी तक्रार हीच आहे की असा खालचा सूर उरलेल्या सिनेमाला सापडला नाही.

---

बाल्कनी

मी दोघांनाही विरोध करणार आहे.

'विदूषक' लोकांनी नाकारला कारण लोकांना कळला नाही, असा सूर धाग्यात आहे. तो मला मान्य नाही. सिनेमातच गोची आहे. तमाशाचा भाग अस्सल, बाप आणि मुलीचा भाग अस्सल, पण मधला राजकारणाचा भाग तोलात कमी पडतो. ज्या दिग्दर्शकानं 'सामना' आणि 'सिंहासन' केला, त्याच्याकडून राजकारण इतकं ठोकळेबाज येईल अशी अपेक्षा नव्हती. 'सिंहासन' (१९७९) मध्ये मुख्यमंत्री नुसता फोन उचलतो तरी आपण सावरून बसतो. इथे राजकारणी बोलायला लागला की पुढचं वाक्य ओळखता येतं. शिवाय लांबी. पुलंच्या लिहिण्यावर प्रेम असूनही सांगतो, वीसेक मिनिटं कापायला हवी होती.

मागच्या रांगेतून ओरडणाऱ्या माणसावर राग काढू नका. त्यानं ज्याचं तिकीट काढलं होतं ते त्याला मिळालं नाही. त्या काळात लक्ष्या आणि गंभीर सिनेमा हे समीकरणच नव्हतं, आणि त्याला आधी कुणी तसं सांगितलंही नसणार.

---

जुन्नरी

राजकारणाच्या भागाबद्दल बाल्कनींशी सहमत. पण एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो.

आमचा भाग नारायणगावचा. पाडव्याच्या आधी इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, सुपारी ठरते. लहानपणी आज्याबरोबर मी त्या राहुट्यांतून हिंडलोय. बाहेर टेबलावर वही, आत सतरंजीवर मॅनेजर आणि मागे कुणीतरी दोरीवर शालू वाळत घालतंय.

मराठी सिनेमात तमाशा आला की बहुतेक वेळा लावणी येते आणि संपतं. गण, गौळण, बतावणी, वग ही तमाशाच्या भागांची सगळी उतरंड जाते कुठे? 'विदूषक'मध्ये ती आहे. सोंगाड्या म्हणजे काय ते त्या सिनेमाला कळलेलं आहे. सोंगाड्याला फडात नायकापेक्षा मोठी जबाबदारी असते. ढोलकीवाल्याची वादी तुटली, नाचणारी आजारी पडली, गावच्या पुढाऱ्यानं मध्येच भाषण ठोकलं, तर वेळ मारून न्यायची त्यानंच. बेर्डेनं ते नेमकं पकडलंय. तो समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच उत्तर घेऊन उभा असतो, डोळा मात्र प्रेक्षकांवर. आमच्या आज्याच्या भाषेत, "ह्यो बोर्डावरचाच गडी." आजा कुणाची उगाच तारीफ करायचा नाही.

नाचाचं काम लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांचं होतं, त्यांना नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंपरेतल्या बाईला तो मान मिळाला, याचं आमच्याकडच्या लोकांना फार अप्रूप वाटलं होतं. सिनेमा चालला की पडला हे मला तेव्हा कळतही नव्हतं.

---

वऱ्हाडी ठेचा

नटांवरच चाललंय सगळं. उपेक्षितच म्हणायचं असेल तर माझं मत 'गाभ्रीचा पाऊस'ला (२००९, दिग्दर्शक सतीश मनवर). 'गाभ्रीचा' ही आमच्याकडची शिवी आहे, ती पावसालाच घातलेली आहे. पेरणी केलेल्या माणसाच्या तोंडून ती ऐकली म्हणजे तिचं वजन कळते.

शेजारचा शेतकरी जीव देतो आणि अलकाच्या मनात भीती बसते की आता आपला नवरा. मग ती करते काय? पोराला बापाच्या मागं मागं धाडते आणि घरात नवऱ्यासाठी गोडधोड करते. पैसा नाही, अन् पुरणपोळी. नवऱ्याला कळतच नाही आज सण कोणता. सोनाली कुलकर्णी ताट वाढून बाजूला बसते अन् त्याच्या तोंडाकडं पाहत राहते. घास गिळला का, चेहरा बदलला का. माझी आई बापूंकडं तशीच पाहायची, ज्या वर्षी कापूस गेला त्या वर्षी. मला तेव्हा वाटायचं मीठ कमी पडलं का ते पाहते.

गिरीश कुलकर्णी आणि ज्योती सुभाष दोघंही त्यात आहेत, एकही माणूस छाती पिटत नाही. शेतकरी आत्महत्येवर त्यानंतर किती सिनेमे आले, बहुतेकांत भाषणं. हा आमच्या तालुक्याच्या गावी लागलाच नाही. ज्यांच्यावर आहे त्यांनी तो टीव्हीवर पाहिला, तोही कितीतरी वर्षांनी.

---

बाल्कनी

ठेचा, हाच माझा मुद्दा. उपेक्षा बऱ्याचदा प्रेक्षक करत नाही, पडदा करतो. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राईम टाईमला दाखवायला सांगितलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला. शेवटी प्राईम टाईम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. दुपारी १२ ला कोणता नोकरदार जातो सिनेमाला? त्याच एप्रिलमध्ये 'कोर्ट' लागला होता, राष्ट्रीय पुरस्कार घेऊन. मी तो मंगळवारी दुपारी रजा टाकून पाहिला. थेटरात आम्ही नऊ जण होतो, त्यातले दोघं एसीसाठी आलेले.

---

पिटातला

पडद्याचा मुद्दा 'गाभ्रीचा पाऊस'ला शंभर टक्के लागू. पण 'विदूषक' माझ्या गावात लागला होता, पहिल्या खेळाला गर्दी होती, आणि लोक उठून गेले. तिथे पडद्याचा दोष नव्हता.

राजकारणाचा भाग मी परवा पुन्हा पाहिला. बाल्कनी, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तो सैल आहे. माझ्या आठवणीत तो यापेक्षा बरा होता. तरीही माझं मत बदललेलं नाही. एक अख्खा अंक सैल असूनही सिनेमा शेवटी उभा राहतो तो बेर्डेच्या जोरावर. यानंतर त्याला असं काम पुन्हा फारसं मिळालं नाही. 'झपाटलेला' आला, हिंदीत नोकराचं काम आलं. डिसेंबर २००४ मध्ये तो गेला. बातम्यांमध्ये दिवसभर विनोदी प्रसंगच चालले. मी वाट पाहत होतो की कुणीतरी आबुराव दाखवेल. मी पाहत होतो तोवर तरी दाखवला नाही. नानाला 'नटसम्राट'साठी जी टाळी मिळाली ती त्यानं कमावलेली आहे, पण तशी एक टाळी या माणसाला आपण देणं लागत होतो. माझा राग त्याबद्दल आहे, हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं.

---

तिसरी घंटा

हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढी भांडले नसते.

पण म्हणून 'नटसम्राट' कमी होत नाही. एका नटावरचा अन्याय सांगायला दुसऱ्या नटाचा सिनेमा खाली खेचायची गरज नव्हती. तुम्हाला पार्श्वसंगीत खटकलं, ठीक, मलाही दोन ठिकाणी जास्त वाटलं. बाकी माझं मत जिथे होतं तिथेच आहे.

मी 'विदूषक' तुकड्या तुकड्यांनीच पाहिलाय, सलग नाही. बाबांनी अजिबात नाही. त्यांना तमाशा आवडतो आणि लक्ष्या त्याहून जास्त. या रविवारी लावते. त्यांना आधी सांगून ठेवते की हा हसवायचा सिनेमा नाही, म्हणजे बाल्कनींची तक्रार राहणार नाही. ते मध्येच उठून गेले तरी तसंच इथे येऊन लिहीन.

---

जुन्नरी

ताई, त्यांना सांगू नका काही. नुसतं लावा. आणि गौळणीपाशी आवाज थोडा वाढवा.