घरचे बँकॉकहून परत, मी पुढे एकटा: रेल्वेने पेनांग-क्वालालंपूर, तयारी कशी करू?

सयाजीबाग_एकोणीस

बडोद्याच्या एमएसयूत (एम. एस. विद्यापीठात) बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. दिवाळीच्या सुट्टीत आई, बाबा, धाकटी बहीण (वय १४) आणि मी बँकॉक-पटाया असे सहा दिवस जाणार आहोत. ते तिघं बँकॉकहून परत येतील. मला तिथून एकट्याने रेल्वेने पेनांग, मग क्वालालंपूर करून आठ दिवसांनी अहमदाबादला उतरायचंय. एजंट म्हणतो, चौघांचं एकच रिटर्न काढून टाकू, तुझी तारीख मागाहून पुढे ढकलू. हे बरोबर आहे का? सीमेवर काय काय लागतं? जमलं तर सिंगापूर जोडावं का? बजेट बेताचं आहे. शिवाय आई विचारते, फराळातलं काय काय न्यावं.

दांडियाबाजार_तिकीटखिडकी

एजंटचं ऐकू नकोस. चौघं एका पीएनआरवर असताना एकाचीच तारीख बदलायची म्हटलं की आधी पीएनआर फोडावा लागतो. स्वस्त विमान कंपन्यांत बदलाचं शुल्क अधिक भाड्यातला फरक धरला तर नवं तिकीट परवडतं अशी वेळ येते. आणि तुला तर तारीखच नाही, शहरही बदलायचंय. बँकॉकऐवजी क्वालालंपूरहून बसायचंय, ते तारीख ढकलून होत नाही.

असं कर. जाताना चौघांचं एक पीएनआर, एकेरी. परतीचं तिघांचं दुसरं. तुझं क्वालालंपूर-अहमदाबाद तिसरं, तुझ्या स्वतःच्या ईमेल आणि मोबाइल नंबरवर. स्वस्त कंपन्या एकेरी तिकिटाला जादा पैसे लावत नाहीत, त्यामुळे तुकडे केल्याने नुकसान नाही. मोठ्या कंपन्यांत मात्र रिटर्न बरेचदा एकेरीच्या जवळपास पडतं. म्हणून कोणी सुचवेल की रिटर्न घे आणि परतीचा पाय (म्हणजे प्रवासाचा तो टप्पा) सोडून दे. शेवटचा पाय सोडला तर चालून जातं, पण मधला किंवा पहिला चुकवला की पुढचे सगळे पाय आपोआप रद्द होतात. त्या भानगडीत पडू नकोस.

अहमदाबादच्या चेक-इन काउंटरवर तुला नक्की विचारतील: तिघांचं परतीचं दिसतंय, तुझं कुठे? तेव्हा क्वालालंपूरचं तिकीट आणि थायलंडमधून बाहेर पडायचं रेल्वे तिकीट, दोन्ही कागदावर छापलेली हवीत. मोबाइलमध्ये शोधत बसलास की मागची रांग खवळते. पेनांग-क्वालालंपूरची हॉटेल बुकिंग्जही त्याच फाइलीत ठेव.

नावं पासपोर्टवर जशी आहेत तशीच टाका. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, आणि पासपोर्टवर ते ‘दिलेलं नाव’ या रकान्यात तुझ्या नावाला जोडलेलं असतं. आईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव राहिलंय का तेही बघ. तिकिटावर सासरचं पडलं तर काउंटरवर अडतं.

बहिणीच्या पासपोर्टची मुदत आजच तपास. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि घरच्यांना ते ऐन वेळी आठवतं. प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने शिल्लक हवेत. नूतनीकरणाला १,००० रुपये आणि आई-बाबा दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट डी लागतं.

अजून एक. तुझी बॅग पहिल्या दिवसापासून वेगळी भर, सात किलोच्या आत, हातात नेण्याजोगी. पटायाची खरेदी आई-बाबांच्या बॅगांत जाऊ दे. नाहीतर शेवटच्या रात्री हॉटेलच्या पलंगावर चौघांचे कपडे निवडत बसाल.

रावपुरा_रूळ

रेल्वेचा भाग मी सांगतो. चूक होते ती तिथेच.

गाडी क्रमांक ४५, बँकॉक ते थायलंड-मलेशिया सीमेवरचं पादांग बेसार. दुपारी चारच्या सुमारास सुटते, दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास पोचते. सुटते क्रुंग थेप अफिवात स्थानकातून. जुन्या लेखांत हुआ लामफोंग लिहिलेलं सापडेल, पण जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या दक्षिणेकडच्या गाड्या तिथून सुटत नाहीत. घरच्यांचं विमान डॉन मुआंगहून असेल तर त्यांना सोडून लाल लाइनच्या लोकलने थेट या स्थानकात येता येतं. सुवर्णभूमीहून असेल तर रेल लिंक आणि मेट्रो बदलत यावं लागतं, दीड तास हाताशी ठेव. बँकॉकला विमानतळ दोन आहेत हे बाबांच्याही कानावर घाल. तिकिटावर बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, डीएमके म्हणजे डॉन मुआंग.

तिकीट थाई रेल्वेच्या स्वतःच्या डी-तिकीट संकेतस्थळावरून काढ. दुसऱ्या वर्गाचा एसी स्लीपर, खालचा बर्थ. थोडा महाग, पण वरच्यापेक्षा रुंद आणि खिडकी त्याच्याच वाट्याला. एसी इतका बोचतो की शाल किंवा जाड सदरा हवाच. तिकिटावर शेवटचं स्थानक पादांग बेसार आहे ना, हे दोनदा बघ. गाडी सीमेच्या आधी हट याई जंक्शनला थांबते, डबे तोडले जातात आणि मोजकेच डबे सीमेकडे जातात. हट याईपर्यंतच्या तिकिटावर बसलास तर सकाळी झोपेतून उठून दुसरी गाडी शोधायची. (खाणारा असशील तर हट याईची तळलेली कोंबडी नावाजलेली आहे.)

पादांग बेसार नावाची स्थानकं दोन. पहिलं थायलंडच्या हद्दीतलं, लहानसं. तिथे उतरू नकोस. पुढचं मलेशियातलं. तिथे एकाच इमारतीत आधी थाई निर्गमनाचा शिक्का, मग लगेच मलेशियाचं आगमन. सामान सगळं बरोबर घेऊन उतरायचं. मलेशियाचं घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे आहे. गाडी थाई आठला आली म्हणजे तिथे नऊ वाजलेले असतात, आणि पुढची गाडी मलेशियाच्या वेळेने धरायची. थाई घड्याळ बघत चहा घेत बसलं की गाडी डोळ्यांदेखत जाते.

तिथून बटरवर्थपर्यंत कोम्युटर लोकल, साधारण दोन तास, आरक्षण नसतं. बटरवर्थ स्थानकातून चालत धक्क्यावर जा, फेरीने पेनांग बेटावरचं जॉर्जटाउन. पेनांगहून क्वालालंपूरला जाताना परत बटरवर्थला येऊन ईटीएस ही वेगवान गाडी. तिचं तिकीट मात्र आत्ताच काढ. मलेशियात दीपावलीची सार्वजनिक सुट्टी असते, तमिळ कुटुंबं गावी निघालेली असतात आणि त्या चार दिवसांत जागा मिळत नाहीत.

दक्षिण थायलंडमध्ये सुंगाई कोलोककडे जाणारी दुसरी शाखा आहे. ती ‘याला’ आणि ‘नराथिवात’ या प्रांतांतून जाते, तिथे बंडखोरीमुळे घातपात होत आलेत. स्वस्त दिसली तरी ती घेऊ नकोस. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात हट याई परिसरात पूर येऊ शकतो, तेव्हा निघायच्या दोन दिवस आधी बातम्या बघ.

शियाबाग_ताई

कागदपत्रं. थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टला ६० दिवसांची व्हिसा सूट दिली, मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची. अशा सवलती सरकारं हवी तेव्हा मागे घेतात किंवा दिवस कमी करतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी त्या त्या दूतावासाचं पान उघडून बघायचं. एजंटचा शब्द पुरेसा नाही.

दोन्ही देशांचं डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. थायलंडचं टीडीएसी १ मे २०२५ पासून सक्तीचं, मलेशियाचं एमडीएसी १ जानेवारी २०२४ पासून. दोन्ही फुकट. शोधलं की वर जाहिरातीत पैसे मागणारी संकेतस्थळं येतात, ती सरकारी नाहीत. खरं थाई पान ‘गो डॉट टीएच’ने संपतं, मलेशियाचं ‘गव्ह डॉट एमवाय’ने. बहिणीचंही वेगळं भरा. मलेशियाचं तू बँकॉक सोडायच्या आदल्या दिवशी भर आणि प्रवासाचं साधन ‘जमिनीवरून’ असं निवड. सवयीने विमान निवडलं की उड्डाण क्रमांकाच्या रकान्यात अडकशील.

विमा चौघांचा एकत्र घेणार असाल तर थांबा. एकत्र पॉलिसी घरच्यांच्या परतीच्या तारखेला संपते आणि तुझे आठ दिवस उघडे पडतात. तुझी वेगळी घे, १४ दिवसांची, दोन्ही देशांची नावं लिहिलेली. आणि पेनांगमध्ये स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर दुचाकीचा परवाना आणि आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना (१,००० रुपये, एक वर्ष) बरोबर हवा. परवान्याशिवाय पडलास तर विमा कंपनी हॉस्पिटलचं बिल हमखास नाकारते. दुकानदार परवाना न बघता किल्ली देतो, त्याचा काही उपयोग नाही.

वाडी_हिशेब

पैशांत लोक बारीक बारीक हरतात. बाबांचं कार्ड नेऊ नकोस. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येणार, आणि ते त्या वेळी विमानात असणार. तुझ्या खात्याचं कार्ड, त्यावर बँकेच्या ॲपमधून परदेशी वापर सुरू केलेला, दिवसाची मर्यादा कमी ठेवलेली. शिवाय एक फॉरेक्स कार्ड. त्यात कोणती चलनं भरता येतात ते आधी विचार. भरलेल्या चलनाबाहेर खर्च केलास तर चलन बदलाचं शुल्क वेगळं कापतात.

एटीएम विचारतं, रकमेचं रुपयांत रूपांतर करू का? ‘नाही’ म्हण. ‘हो’ म्हटलं की दर त्यांचा लागतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथ किंवा जास्त शुल्क कापतात, मग तू हजार काढ की दहा हजार. म्हणजे एकदाच मोठी रक्कम काढायची. आणि तिथली बरीच यंत्रं आधी नोटा देतात, मग कार्ड. आपल्याकडची सवय उलटी, त्यामुळे नोटा घेऊन वळतोस आणि कार्ड आत राहतं. पादांग बेसारला लगेच रिंगिट (मलेशियाचं चलन) लागतील, थोडे बँकॉकमध्येच बदलून ठेव.

भारतीय सिम काढू नकोस. दुसऱ्या खाचेत ठेव, रिचार्ज १४ दिवस पुरेल असा, रोमिंग चालू पण डेटा बंद. बँकेचे एसएमएस त्यावरच येतात.

टूर पॅकेज घेतलंत तर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) कापतील. पावतीवर पॅन बाबांचा आहे ना बघ, म्हणजे विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

बाबाजीपुरा_डबा

सिंगापूर या वेळी सोड. भारतीयांना व्हिसा लागतो, अधिकृत एजंटमार्फतच करावा लागतो, ३० सिंगापूर डॉलर शुल्क आणि वर एजंटचे. आठ दिवस, बेताचं बजेट, आणि राहण्याचा खर्च पेनांगच्या कितीतरी पट. त्याऐवजी पेनांगला एक दिवस वाढव.

आईंसाठी: भाकरवडी, लीलो चिवडो, शंकरपाळे, थेपले, सगळं सीलबंद पाकिटात घ्या, घरगुती असेल तर वर नाव लिहून. अनारसे मात्र घरी ठेवा. त्यावर खसखस असते, आणि खसखस सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात येते. तुम्ही तिकडे जात नसलात तरी स्वस्त तिकिटांचा थांबा कधीकधी सिंगापूरला असतो. बाबा तंबाखू-गुटखा घेत असतील तर तेही नको. ई-सिगारेटवर थायलंडमध्ये बंदी आहे, कोणी मित्र ‘माझी ने’ म्हणाला तरी नाही.

शाकाहारी असलास तर थायलंडमध्ये ‘नुसती भाजी’ म्हणून चालत नाही, त्यात माशाचा रस असतो. ‘किन जे’ म्हण. पिवळ्या पाटीवर लाल ‘जे’ अक्षर दिसलं की निर्धास्त. कांदा-लसूणही नसतो त्यात. पेनांगच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर जेवण मिळतं, तिथे हा प्रश्नच नाही.

सयाजीबाग_एकोणीस

खूप आभार सगळ्यांचे. तीन पीएनआर करतो. दोनच शंका. पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे, चालेल? आणि पासपोर्ट एकट्याने असताना हरवला तर?

शियाबाग_ताई

पॉवर बँक: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ७४ वॅट-तास. मर्यादा १००. चालते, पण हातातल्या बॅगेतच. चेक-इन बॅगेत निघाली तर बॅग उघडायला बोलावतात. वर छापलेला आकडा पुसला गेला असेल तर नवी घे, वाचता आली नाही की जप्त.

पासपोर्ट: आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घ्यायची. थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५, मलेशियात ९९९. ती प्रत, दोन फोटो आणि पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची झेरॉक्स घेऊन बँकॉकला भारतीय दूतावास किंवा क्वालालंपूरला उच्चायुक्तालय. तिथे तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, ते फक्त भारतात परतण्यासाठी चालतं. म्हणजे पुढचा देश रद्द, सरळ घर. झेरॉक्स बॅगेत, पासपोर्ट कमरेच्या पाकिटात, आणि एक फोटो आईच्या मोबाइलमध्ये.

रावपुरा_रूळ

आणि आईंना फोनची वेळ आत्ताच सांगून ठेव. थायलंड आपल्या दीड तास पुढे, मलेशिया अडीच. बडोद्यात रात्रीचे नऊ म्हणजे पेनांगमध्ये साडेअकरा. गाडीच्या रात्री मध्येच रेंज जाते, तेव्हा ‘सकाळी सीमा ओलांडली की मेसेज करतो’ एवढं आधीच ठरवून ठेव.