सयामीजचा गडद होणारा रंग

सयामीज मांजरीचे अंग वयानुसार गडद होऊ लागले तर ती संकरित समजावी, असे या मांजरींविषयी एकाने लिहिले आहे, पण ते मत मला पटत नाही. या जातीची पिल्ले जन्मतः जवळजवळ पांढरीच असतात, कारण त्यांच्या शरीरात रंगद्रव्य तयार करणारे विकर (एन्झाइम) उष्णतेत, म्हणजे आईच्या पोटातल्या उबेतही, निष्प्रभ ठरते आणि जन्मानंतर कान, तोंड, पंजे, शेपटी अशा तुलनेने थंड भागांतच काम करते. पुढे वयाबरोबर पाठ आणि कुशीही थोड्या काळवंडतात. शंका घ्यायचीच असेल तर डोळे पाहून घ्यावी. ते हिरवे किंवा पिवळे असतील तर ती सयामीज नव्हे.

आमच्या मांजरीची नसबंदी डिसेंबरात येथे सोलापुरातच झाली, तेव्हा तिच्या कुशीवरचे केस भादरले होते. उघड्या त्वचेला गारवा लागल्यामुळे तेथे नव्याने उगवलेले केस चक्क कॉफीच्या रंगाचे निघाले आणि तळहाताएवढा तो चौकोन पाहून घरच्यांनी डॉक्टरांनाच दोष दिला. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे गेला, जुने केस झडले आणि त्या जागी पुन्हा सायीच्या रंगाचे केस आले.

या जातीच्या बडबडेपणाविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते मात्र अक्षरशः खरे आहे. दुपारी शहाबादी फरशीवर पसरलेली आमची ही बाई कूलरमधले पाणी संपल्याची तक्रार आमच्याही आधी, तान्ह्या मुलासारख्या घोगऱ्या आवाजात करते.